मार्थाबाईंच्या जपानी शेवया

मार्थाबाई वाघचौरे सांत्वनाला येणार असं कळलं की दुःखातल्या घरालाही धडकी भरायची. त्या यायच्या, दाराशी चपला काढायच्या, ज्या बाईचं माणूस गेलं तिच्या शेजारी बसायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या आणि हळू आवाजात विचारायच्या, "पालेभाजी खात होते का?"

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या शाळेची बाकं दुरुस्त करणारे मिस्त्री वारले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. मिस्त्रीणबाईंनी रडता रडता मान हलवली. मार्थाबाईंनी असा सुस्कारा सोडला की जमलेल्या सगळ्यांना वाटावं, मिस्त्री तापाने गेले नाहीत, मेथी न खाऊन त्यांनी स्वतःच जीव दिला.

नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या गृहशास्त्र शिकवत आणि बोर्डिंगचं स्वयंपाकघर सांभाळत. मी कोल्हारची. लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी त्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवायला लागले. शिक्षिकांच्या चाळीत त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली. पहिल्याच दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "सकाळी काय खाल्लंस?"

"भाकरी आणि चटणी."

"म्हणजे नुसतंच."

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचं अन्न होतं: पौष्टिक आणि नुसतं. जिलबी नुसती, पांढरा भात नुसता, लग्नातली बुंदी तर नुसत्याहून नुसती. उंच, काटकुळ्या, पांढरं नऊवारी नेसलेल्या, पुरुषासारख्या ढांगा टाकत चालणाऱ्या. कमरेला कापडी पिशवी आणि पिशवीत स्वतःचा चमचा. कुणाच्याही घरी गेल्या की आधी चुलीकडे जायच्या, झाकण उचलायच्या आणि चमचा बुडवायच्या. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांना पाहून झाकणावर दगड ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

त्यांची एक गोष्ट होती. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या. शतक संपताना मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. आईबाप वाटेत गेले. धाकटी बहीण आणि त्या अशा दोघी चालत मिशनच्या अन्नछत्रापर्यंत पोचल्या. तिथे कुणा दयाळू माणसाने बहिणीपुढे खिचडीची परात ठेवली. ती पोट फुटेपर्यंत जेवली आणि त्याच दिवशी मेली. "पोट भरून मेली," मार्थाबाई म्हणायच्या, "उपाशी नाही."

गोष्ट खरी होती. पण ती त्या इतक्यांदा आणि अशा जागी सांगत, की ऐकणाऱ्याचं काळीज दगडाचं होऊन जाई. लग्नाच्या पंगतीत कुणी तिसरा लाडू घेतला की ती गोष्ट यायची. नाताळच्या फराळाला यायची. आम्ही तरुण शिक्षिका एकमेकींना कोपराने ढोसत असू, "आली बघ परात." आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आम्ही तसंच करत होतो.

त्या वर्षी शाळेत एक नव्या मिससाहेब आल्या. त्या अमेरिकन, पण उभी हयात जपानात शिकवण्यात गेलेली. तिकडे वारं फिरलं तेव्हा त्यांच्या मिशनने त्यांना उचलून नगरला आणून ठेवलं. त्या सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार करत. मोठ्या मिससाहेबांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, जेवढं वाकत तेवढंच झाडूवालीला. झाडूवाली पहिल्यांदा घाबरून पळाली होती. मराठी त्यांना येईना, नगरचं तिखट सोसेना. एकट्या बसून त्या रडत, असं आम्ही ऐकलं.

मार्थाबाई त्यांच्याकडे गेल्या त्या अर्थातच पापणी ओढायला. परत आल्या त्या शिष्या होऊन. त्या दोघी कोणत्या भाषेत बोलत हे मला कधी कळलं नाही, पण दुपारभर बोलत. जपानात म्हणे कडधान्य शिजवून, कुटून, त्यात बुरशी आणि मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवतात. त्या लगद्याला मिसो म्हणतात. तो पाण्यात कालवून, शेवयांवर घालून खाल्ला की शेतकरी दिवसभर चिखलात उभा राहतो. मिससाहेबांनी पेटीच्या तळातून एक पत्र्याची डबी काढली. तिच्यात हिरवट पूड होती. ते बुरशीचं बी. घर, पुस्तकं, मैत्रिणी सगळं मागे टाकून ही बाई बोटीत बसली आणि आली ती बुरशी घेऊन. मार्थाबाईंना एवढं समविचारी माणूस आयुष्यात भेटलं नव्हतं.

शाळेत मात्र मुलींनी ठरवून टाकलं की मिसबाईंनी आणला म्हणून मिसो.

वर्षभराने मिससाहेबांना नगरची हवा मानवेना म्हणून दक्षिणेकडच्या डोंगरावर पाठवलं. जाताना त्या मार्थाबाईंपुढे इतक्या वाकल्या की टोपी पडली. डबी आणि कृती लिहिलेली एक वही मागे राहिली. त्या दिवसापासून नगर जिल्ह्यात जपानवर बोलायचा अधिकार एकट्या मार्थाबाईंकडे आला, आणि त्यांनी तो भरपूर वापरला.

रेशन सुरू झालं होतं. बुरशी धरायला लागणारा तांदूळ मिळेना, म्हणून ज्वारीच्या कण्या घेतल्या. त्या वाफवून, निववून, वर ती पूड भुरभुरवून गोणपाटात गुंडाळल्या. या गाठोड्याला तीन दिवस माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते असं वहीत होतं. मार्थाबाईंनी ते स्वतःच्या खाटेवर ठेवलं, वर आपली गोधडी घातली आणि स्वतः तीन रात्री जमिनीवर झोपल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारून दाखवलं. कण्यांवर कापसासारखी पांढरी लव आली होती. वास मात्र वाईट नव्हता, भिजवलेल्या तांदळासारखा गोडूस होता. बोर्डिंगचा स्वयंपाक करणारी कोंडाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्यात असली भाकर बैलबी खात न्हाई, बाई."

मग हरभरे शिजले. मुली पाळीपाळीने ते उखळात कुटत होत्या आणि मार्थाबाई मागे उभ्या राहून त्यांना जपानी शेतकऱ्याबद्दल सांगत होत्या. कुटलेले हरभरे, बुरशीच्या कण्या आणि मीठ एकत्र मळलं, तीन बरण्यांत दाबून भरलं, तोंडाला मेणकापड बांधलं. नगरच्या उन्हाळ्यात ते नासू नये म्हणून बोर्डिंगच्या मागे कडुलिंबाखाली खड्डा खणून तिन्ही बरण्या पुरल्या.

इथपर्यंत ठीक होतं. पण मार्थाबाईंना गप्प बसणं कधी जमलं नाही. दूधवाला आला, त्याने उकरलेली माती पाहून विचारलं. त्या त्याला म्हणाल्या, "सहा महिने जमिनीत गप पडू दे. मग बाहेर काढलं की साऱ्या नगरला हादरा बसतो की नाही बघ."

हा दूधवाला लष्करातही दूध घालायचा. दिवस कसले होते हे सांगायला हवं. देशाचे मोठे पुढारी नगरच्या किल्ल्यात अटकेत होते. कुठे तारा तुटत, कुठे टपालपेट्या जळत. अशा वेळी मिशनच्या बोर्डिंगमागे काहीतरी पुरलंय आणि सहा महिन्यांनी हादरा बसणार आहे, ही बातमी आठवड्याभरात पोचायची तिथे पोचली.

भर दुपारी एक फौजदार, एक हवालदार आणि चार शिपाई कुदळी घेऊन आले. माझा भूगोलाचा तास चालू होता. सगळा वर्ग खिडकीला चिकटला. शिपायांनी खणायला सुरुवात केली आणि मार्थाबाई धावत आल्या. त्यांना काळजी बरणीची. त्या म्हणाल्या, "हळू खणा, फुटेल."

चारही शिपाई एकदम मागे सरले. फौजदार लिंबाच्या बुंध्याआड गेले आणि तिथून त्यांनी हुकूम दिला की मुलींना देवळात न्या. आम्ही मुलींना देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेलं आणि त्या भेदरू नयेत म्हणून गाणी म्हटली. खड्ड्यापाशी काय झालं ते मला नंतर कोंडाबाईने सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारातून हललीच नव्हती. फौजदारांनी हवालदाराला बरणी उघडायला सांगितली. हवालदार पाथर्डीकडचा, म्हातारा माणूस. त्याने देवाचं नाव घेतलं आणि मेणकापड सोडलं. वास सुटला.

फौजदारांनी झाडामागूनच विचारलं, "हे काय आहे?"

"मिसो."

"कुठला?"

"जपानचा," मार्थाबाई म्हणाल्या.

लढाई चालू असताना पोलिसाला यापेक्षा वाईट उत्तर देता आलं नसतं. पण त्या थांबल्या नाहीत. हे किती पौष्टिक आहे, जपानी माणूस यावर कसा काटक होतो, आपल्या शिपायांना हे दिलं तर किती बरं होईल, हे सगळं त्यांनी फौजदारांना समजावलं आणि पिशवीतला चमचा काढून पुढे केला. फौजदारांनी तो हवालदाराकडे वळवला. हवालदाराने जिभेला लावलं, विचार केला आणि म्हणाला, "लई खारट हाय. पर भाकरीसंगं चालंल."

पंचनाम्यात लिहिलं गेलं: तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा, उद्देश अज्ञात असलेला पदार्थ. दोन बरण्या परत मिळाल्या. तिसरी मुद्देमाल म्हणून कचेरीत गेली.

आता कुणीही दुसरी बाई असती तर सुटलो म्हणून घरात बसली असती. मार्थाबाई पुढच्या शनिवारी पोलीस कचेरीत गेल्या. कचेरीतली बरणी उघडली गेली होती, तिला आता मधून मधून ढवळायला लागणार होतं. मुद्देमाल ढवळायची परवानगी द्या, असा त्यांनी अर्ज केला. असा अर्ज कचेरीत पूर्वी कधी आलेला नसल्यामुळे तो नाकारायचा कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दर शनिवारी जात, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसून बरणी ढवळत, आणि जाता-येता कारकुनांच्या पापण्या ओढून बघत. उन्हाळा वाढला तशी वासाची तक्रार वाढली. शेवटी एके दिवशी शिपाई येऊन बरणी आमच्या फाटकात ठेवून गेला. पावतीसुद्धा मागितली नाही.

गावात हसू झालं ते झालं, पण शाळेच्या कमिटीला ते हसण्यावारी नेता येईना. कमिटीचे सेक्रेटरी कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार होते. कोटाची सगळी बटणं लावून बसणारे. शत्रूचं अन्न मुलींना घालणार का, सरकारी मदत गेली तर जबाबदार कोण, असं त्यांनी लिहून पाठवलं. कमिटीची बैठक बोलावली. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं.

मार्थाबाईंनी आपल्या बचावाचं एक वाक्यही तयार केलं नाही. त्यांनी स्वयंपाक केला. शेवया त्यांनी स्वतः पाटावर वळल्या होत्या आणि खाटेवर वाळवल्या होत्या. त्या उकळत्या पाण्यात टाकून, लगदा व्हायच्या आत काढून, थंड पाण्याखाली धरल्या. तीळ आणि शेंगदाणे भाजून पाट्यावर वाटले. त्यात चमच्याने मोजून मिसो, थोडा गूळ, लिंबाचा रस, ठेचलेला लसूण. शेवयांच्या पाण्यानेच ते सैल केलं आणि शेवयांवर ओतलं. वर वाफवलेला शेवग्याचा पाला आणि अर्धं अर्धं उकडलेलं अंडं. स्वयंपाक करताना त्या एक शब्द बोलत नसत. मी त्यांना एरवी कधी गप्प पाहिलं नाही.

कमिटीपुढे आठ थाळ्या आल्या. शेवया म्हणजे दूध-गूळ हे ज्यांच्या रक्तात, त्यांच्यापुढे तपकिरी, खारट, हिरव्या पाल्याच्या शेवया. सेक्रेटरींनी थाळी दोन बोटांनी लांब सारली. एका पाळकसाहेबांनी उपास असल्याचं सांगितलं. मोठ्या मिससाहेबांनी काट्याला दोन शेवया गुंडाळल्या, गिळल्या आणि "इंटरेस्टिंग" म्हणाल्या. मी कोपऱ्यात बसून माझी थाळी चाखली. खरं सांगायचं तर मला त्या शेवया फार आवडल्या. मी ते त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

चर्चा तासभर चालली. शेवटी मोठ्या मिससाहेबांनी मार्ग काढला. मार्थाबाईंच्या जेवणाने मुलींची तब्येत खरोखर सुधारते आहे असं दवाखान्याच्या बाई सांगत होत्या, तेव्हा पदार्थ ठेवावा. पण चीन आपल्या बाजूने लढतो आहे. चिनी लोकही शेवया खातात. तर या शेवया चिनी आहेत असं ठरवावं. सगळ्यांना हे एकदम पटलं. सेक्रेटरींनी थाळी परत जवळ ओढली. मी ठराव लिहिला: दर बुधवारी बोर्डिंगमध्ये चिनी शेवया देण्यात याव्यात.

मार्थाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या चिनी नाहीत."

सेक्रेटरी म्हणाले, "नावाने काय बिघडतं, बाई? पदार्थ तर तोच राहतोय."

"हे मला मिससाहेबांनी शिकवलं. त्यांना तिकडच्या एका म्हातारीने शिकवलं. वहीत तिचं नाव आहे. लढाई त्या म्हातारीने सुरू केलेली नाही. तिचं नाव खोडायला मी कोण?"

"म्हणजे तुम्ही चिनी म्हणणार नाही?"

"मला चीन माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी गेलेले नाही."

त्या जपानलाही गेल्या नव्हत्या, हे सेक्रेटरींनी लक्षात आणून दिलं आणि सगळे हसले. मीही हसले. मार्थाबाई खाली बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी आठही जणांकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, आणि निघून गेल्या. पुढचा ठरावही माझ्याच अक्षरात आहे: श्रीमती वाघचौरे यांना स्वयंपाकघराच्या कामातून मोकळं करून शिवणाचा वर्ग द्यावा.

कोंडाबाई चिनी शेवया करू लागली. तिला त्या लगद्याची शिसारी होती, म्हणून आधी तो निम्मा झाला, मग नखभर, मग नुसता बरणीचा चमचा दाखवल्यासारखा. पाला तोडायला वेळ मिळेना. अंडी शिक्षिकांच्या नाश्त्याकडे वळली. वर्ष संपायच्या आत बुधवारी मुलींना गूळपाण्यातल्या शेवया मिळू लागल्या. मुली खूश होत्या, कमिटी खूश होती. अमेरिकेला गेलेल्या अहवालात चिनी शेवयांमुळे मुलींच्या प्रकृतीत झालेल्या सुधारणेचा परिच्छेद आणि एक फोटो होता. फोटोत थाळीपुढे सेक्रेटरी बसले होते.

मार्थाबाई शिवण शिकवत. त्यांनी शिवलेली झबली एका बाजूला ओढलेली असत आणि काजं बटणांहून मोठी. बुधवारी त्या भोजनगृहात येत नसत. कुणाशी भांडल्या नाहीत. आम्हाला वाटलं, वय झालं, आता शांत झाल्या. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, एक शब्द चिनी म्हणाला असतात तर मुलींना अजून पाला मिळाला असता." हातातली सुई थांबली. मग म्हणाल्या, "ते मला ठाऊक आहे, सुशीला. तू कशाला सांगतेस?"

त्या दिवसानंतर मी त्यांची नक्कल करणं सोडलं. आधी मी ती फार छान करत असे.

लढाई संपली त्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला आणि अकोले तालुक्यातल्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या पलीकडे कुठेतरी एका छोट्या दवाखान्यात निघून गेल्या. पुढे माझं लग्न झालं आणि मी परत कोल्हारला आले. नगरहून संगमनेरला जाणारी सर्व्हिस मोटार आमच्याकडे प्रवरेच्या पुलाआधी पाणी भरायला थांबे. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी असेल, मी बाजारातून येत होते आणि मोटारीजवळ मला मार्थाबाई दिसल्या. पांढरं नऊवारी मातकट झालेलं, पायात चपला नाहीत, उन्हाने रापलेल्या. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

मी सवयीने विचारलं, तिकडच्या लोकांना पौष्टिक खायला शिकवलंत का. माझ्या आवाजात अजून थोडी टिंगल होती, ती मला स्वतःलाच ऐकू आली.

त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा गेले तेव्हा एका ठाकराच्या घरी उतरले होते. तीन दिवस. ती बाई मला नाचणीची भाकरी आणि कसलासा कंद वाढायची. मी रोज तिला सांगत होते, यात पाला नाही, यात डाळ नाही, हे नुसतंच आहे. ती मान हलवायची. चौथ्या दिवशी मला कळलं की मी आल्यापासून त्या घरातली मोठी माणसं जेवलीच नव्हती."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. त्या चढल्या आणि खिडकीजवळ बसल्या. त्यांच्यापाठोपाठ हमालाने बाजरीचं एक भलं मोठं पोतं आत ढकललं, ते त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. कंडक्टर सांगत होता, आजी, वजन टपावर जातं, द्या इकडे. त्या म्हणत होत्या, पाऊस आला तर भिजेल. तो म्हणत होता, आभाळ निरभ्र आहे. मोटार पुलावर चढली तरी दोघांचं चाललंच होतं, आणि पोत्यामागे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त त्याला दोन्ही बाजूंनी घातलेले त्यांचे हात दिसत होते.